फरशीखालची काळी माती

आपण दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, त एका प्लेटीत दह्यातला गिला वडा खाल्ला. त्याआंदी टाइलच्या दुकानात भांडलो होतो. भांडण अर्धवट टाकून चौकातल्या गाड्यावर येऊन उभे राह्यलो. तू माह्याशी बोलत नव्हती, पण दह्याचा भाग माह्याकडं केला अन् मिरची तू खाल्ली. मी बी बोललो नाही. मले वाटलं, भांडण कुठं पळून जाते, घरी जाऊन करू. घरी आलो त तुहे पाय दुखत होते, तू लवकर झोपली. भांडण तसंच राह्यलं. आता माह्या एकट्याच्या गळ्यात हाय.

त्या दुकानात तू चपला बाहेर काढून गेली, देवळात गेल्यावानी. दुकानवाला म्हणे, काकू, चपला राहू द्या. तू म्हणाली, घरात काय चपला घालून फिरते मी? अन् एकेका टाइलीवर उभी राहून पाह्यलं. एकीवर त बाटलीतलं पाणी ओतलं अन् अंगठा घासला, निसरते काय म्हणून. दुकानवाला फडकं घेऊन तुह्या मांगं मांगं. मी गल्ल्यापाशी बसून होतो. त्यानं मले इचारलं, काकाजी, तुमाले कोणता कलर पसंत हाय? मी म्हटलं, कलर कोणताबी दे, खाली काय हाय थे कोणी पाहून नाही राह्यलं.

झालं. तिथून पेटली तू.

लोकायले वाटन, बुढा-बुढी रंगावरून भांडले. रंगाचं काय घेऊन बसले. आपलं भांडण फरशीच्या खालचं होतं. आपल्या घरात फरशीखाली मुरूम नाही, काळी माती हाय, शेतातली. कपाशीले चांगली, घराले वाईट. पाण्यात फुगते, उन्हात फाटते. अवघ्या वऱ्हाडात हे सगळ्यायले माहीत हाय, पण आपली माणसं अशी की मुरमाले किंमत देत नाही. मुरूम म्हणजे रस्त्यावर टाकाची वस्तू, काळी माती म्हणजे लक्ष्मी. मंग घरात लक्ष्मी भरली अन् दर पावसाळ्यात लक्ष्मीनं फरशी उचलून धरली.

घर बांधलं तवा मी वरूडचा संत्रा ट्रकात भरून दिल्लीकडं गेलो होतो. परत आलो त आतली भराई झालेली अन् वर शहाबादी फरशी बसून गेलेली. मी इचारलं, मुरूम कोणाकडून घेतला? तू म्हणाली, मुरूम नाही, वसंतानं माती आणली. वसंता म्हणजे तुहा भाऊ. तुह्या माहेरून, मूर्तिजापूरच्या पुढून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून अमरावतीले माती. मी म्हटलं, काहून? इथं जमिनीचा दुष्काळ पडला होता काय? तू म्हणाली, भाऊ घेऊन आला, त्याले दारातून परत पाठवू काय?

तवापासून मी वसंताले बोलत आलो. त्यानं शेतात तळं खोदलं, माती पडून होती, ती बहिणीच्या घरात लोटून मोकळा झाला. असं चारचौघात म्हटलं. त्याच्या पोरीच्या लग्नात पंगतीत बसून म्हटलं. तो खाली मान घालून वाढत राह्यला. अन् तू तिथंच होती, तोंडाले पदर लावून हसत होती. तवा मले वाटलं, माह्या बोलण्याले हसून राहिली.

तू त्या घरात कसे दिवस काढले थे मले माहीत हाय. मी रस्त्यावर, तू घरात. पावसाळ्यात दार फुगून बसे त तू विळ्यानं त्याची कड तासे. कपाटाखाली कधी लाकडाचा तुकडा सरकव, कधी काढ. पाहुणा म्हणे, वहिनी, तुमची फरशी पोटात आल्यावानी दिसते. तू म्हणे, तुमचं पोट सांभाळा. मले हासू येत होतं अन् रागबी येत होता. मी म्हणत होतो, एक डाव सगळं खोदू, माती काढू, मुरूम ठोकू, संपलं. तू म्हणत होती, नाही. दर साली मी खोदू म्हणलो, दर साली तू नाही म्हणली. असं करता करता म्हातारे झालो.

माह्या एका डोळ्यानं दिसणं कमी झालं तवा मी ट्रक सोडला अन् घरात राहाले लागलो. तवा तू एक काम केलं, थे मी कधी बोललो नाही, आता बोलतो. जिथं जिथं फरशीचं टोक वर आलं होतं तिथं तू बारदानाच्या घड्या टाकल्या, मले ठेच लागू नये म्हणून. सैपाकघराच्या दारात, न्हाणीपाशी, माह्या खाटेपाशी. मले नीट दिसत नव्हतं, पण पायाले समजत होतं का बारदान लागलं म्हणजे इथं पाय उचलाचा. कोणी एवढं करते काय कोणासाठी? पण इतलं करण्यापरीस ती माती काढू देली असती त काय बिघडलं असतं वं? डोक्यात हेच फिरते. तुही माया आठवते अन् लगेच राग येते. दोन्ही एकाच जागी बसले हायेत, एकाले उठवलं का दुसरं उठते.

मंग आपली वैशाली अकोल्यावरून आली अन् म्हणाली, आता टाइल टाकाच, बाबा पडतीन एखाद्या दिवशी. तिनंच निलेश ठेकेदार धाडला. त्याचं काम कसं हाय थे देव जाणे, तोंड मात्र गुळाचं. तुह्यासमोर म्हणे, होते ना काकू, जुन्या फरशीवर केमिकल लावून डायरेक्ट टाइल बसते, खोदाचं कामच नाही. मले गेटपाशी गाठून म्हणे, काकाजी, तुमचं बरोबर हाय, खाली काळी माती असन त वरची टाइल टिकत नाही. मी म्हटलं, मंग हेच आत जाऊन बोल. त म्हणे, काकूनं चहा ठेवला हाय.

असा माणूस आपण कामावर लावला. त्यानं फोनमधी फोटो दाखवले, चकचकीत, कोण्या बंगल्यातले. तू म्हणाली, हे दवाखान्यासारखं दिसते. त्यानं लगेच दुसरे दाखवले, लाकडासारखे. तू म्हणाली, लाकूड पाह्यजे त लाकूड लावीन, लाकडाचं सोंग काहून लावू? मले मनातून बरं वाटलं. तू ठेकेदाराशी बोलत असली का मी नेहमी तुह्या बाजूनं होतो. मातीचं निघालं का मंग आपले रस्ते येगळे.

त्या दिवशी दुकानात सगळ्यासमोर तू बोलून बसली, "मी हाय तवलक त्या मातीले कोणी हात लावणार नाही. मी गेल्यावर काय खोदाचं थे खोदा."

मी म्हटलं, आता तू जाशीन कवा अन् मी खोदीन कवा. म्हटलं मी, रागात म्हटलं, अन् त्याचं मले काही वाटत नाही, काहून का आपण जन्मभर असंच बोललो. तूबी मले ट्रकखाली धाडत होती सकाळ-संध्याकाळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू सैपाकघराच्या दारात पडली. त्या जागचं बारदान तू सकाळी धुतलं होतं, ते तारेवर वाळत होतं. हातात चुलीवरून उतरवलेलं वरणाचं गंज होतं. फरशीचं टोक पायाले लागलं अन् तू गेली आडवी. मी खाटेवर होतो. आवाज आयकला, अन् पहिल्यांदा मले वाटलं गंज पडलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात तू मले काही बोलली नाही. मी स्टुलावर बसून होतो, तू भिताडाकडं तोंड करून. मले वाटलं, दुखून राह्यलं असन. आता वाटते, तू माह्या तोंडाकडं पाहत नव्हती. तुले माहीत होतं मी काय म्हणीन. मी म्हणीन, तुह्या मातीनं तुले पाडलं. मी म्हटलं नाही. जिभेवर होतं, गिळून घेतलं. आता पस्तावा होते का म्हटलं असतं त बरं झालं असतं. तू उलटून बोलली असती. उलटून बोलणारं माणूस एवढ्या लवकर जात नाही.

वैशालीले मात्र तू सांगतलं, बाबाले घर खोदू देऊ नोको. अन् मंग छातीत पाणी भरलं, अन् गेली.

आता तुह्यामांगं काय चाललं हाय थे आयक.

लोक येतात अन् म्हणतात, मोठी शांत बाई होती. कोण? मी एकाले इचारलं, कोणाबद्दल बोलून राह्यला भाऊ? दुसरी बाई म्हणे, कधी कोणाले वाकडा शब्द नाही. मले वाटलं, उठून सांगावं, वाकडा शब्द नाही त काय होतं तिच्याजवळ, तुह्याच नवऱ्याले तिनं नळावर सगळ्यासमोर चोर म्हटलं होतं. अन् थे खरं होतं. पण वैशालीनं मले डोळ्यानं दाबलं.

फोटो आणला तुहा, मोठा, हार घालाले. फोटोवाल्यानं तुह्या कपाळावरची आठी पुसून टाकली. गालबी गोरे करून ठेवले. मी म्हटलं, हे कोण आणलं? वैशाली म्हणे, बाबा, आई हाये, किती सुंदर दिसते. मी म्हटलं, हे तुही आई नाही, हे कोण्या मास्तराची बायको हाय. पोरगी रडाले लागली. मी बाहेर जाऊन बसलो. त्या फोटोसमोर मी बसत नाही, त्या बाईशी माहं काही बोलणं नाही.

अन् वैशालीले तू जे सांगतलं, खोदू देऊ नोको, त्याचं आता काय झालं हाय? आईची शेवटची इच्छा. सकाळ-संध्याकाळ हेच. जावई फोनवर म्हणे, बाबा, आईंची शेवटची इच्छा हाय, राहू द्या ती माती. शेजारीण म्हणे, गेलेल्याचं मन मोडू नाही. निलेश ठेकेदार सांत्वनाले आला, गुडघे पोटाशी घेऊन बसला, अन् हळूच म्हणे, काकूची इच्छा होती ना काकाजी, मंग आपण वरूनच टाइल मारून घेऊ, तेरवीआंदी एक खोली होऊन जाईन. मी म्हटलं, तू मले गेटपाशी काय सांगतलं होतं? त म्हणे, तवाची गोष्ट येगळी होती.

येगळी कशी? तवा माती येगळी होती काय?

मले या सगळ्यायचा राग येते, काहून का थे खोटं हाय. तू इच्छा करणारी बाई नव्हती. तू भांडणारी बाई होती. इच्छा करते थे हात जोडते, तोंड बारीक करते. तू आपल्या संसारात एक डाव तरी माह्याकडं तोंड बारीक करून काही मांगतलं काय? पाह्यजे त भांडून घेतलं, नाही भेटलं त वरून दोन शब्द ऐकवले. आपलं भांडण चालू होतं. मी जिंकत आलो होतो. अन् मधातच तू उठून गेली अन् ह्या लोकायनं तुह्या भांडणाची इच्छा करून टाकली. आता मी माती काढली त राक्षस, अन् नाही काढली त देवमाणूस. माहं कोणी आयकत नाही. माती काढाची होती त तू असताना काढाची होती. तू दारात उभी राहून शिव्या देल्या असत्या, ठेकेदाराच्या माणसायले उन्हात चहा देला नसता, मले उपाशी ठेवलं असतं. तसं जिंकाचं होतं मले. हे असं नाही.

तेरवीचं जेवण झालं. दुपारच्याले माणसं पांगली. वसंता मात्र गेला नाही. बाहेर आंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राह्यला. मी त्याच्यापाशी गेलो, अन् खरं सांगतो, भांडाले गेलो. तू नव्हती, मंग तुह्या भावाशीच. मी म्हटलं, वसंता, तुह्या मातीनं माणूस नेलं माह्या घरातलं.

त्यानं खुर्ची माह्याकडं सरकवली. मंग म्हणे, "भाऊजी, थे माती म्या घरात भराले आणलीच नव्हती."

मी म्हटलं, मंग कुठं?

"आंगणात टाकाले. अक्काले मोगरा लावाचा होता, लिंबू लावाचा होता. ट्रॉली इथं, गेटपाशी खाली केली. अन् अक्कानं मिस्त्रीले सांगतलं, आत भर."

"अन् तू पाहत राह्यला?"

"म्या म्हटलं, अक्का, घरात काळी माती भरत नसते, फरशी राहत नाही. मले म्हणे, तू गप. अन् भाऊजीले सांगू नोको."

मी म्हटलं, काहून? वसंता सांगाले तयार नव्हता. मी त्याचा हात धरला तवा बोलला. म्हणे, तिले इथं करमत नव्हतं. नवा लेआउट, आजूबाजूले घर नाही, तुमी गाडीवर. अक्का म्हणे, पायाखाली आपली माती असली त राहणं होईन.

"मले सांगाचं होतं," मी म्हटलं.

"तुमी हसले असते, भाऊजी," वसंता म्हणे. "अक्का म्हणे, ते हसतीन."

एवढे वरीस मी त्याले शिव्या देल्या, पंगतीत बसून देल्या, अन् तो वाढत राह्यला. तुही गोष्ट त्यानं पोटात ठेवली. अन् तू पदराआड हसत होती! कोणाले हसत होती वं? मले ना? हा गडी कोणाले बोलून राह्यला अन् कोणाचं काम हाय, म्हणून?

आता मी तुले इचारतो. मी हसलो असतो. हो, हसलो असतो. मंग? हसून-हसून किती हसलो असतो? एक दिवस, दोन दिवस. मंग मुरूम भरला असता, अन् तुह्या मातीचा आंगणात चांगला चौथरा बांधून देला असता, त्यावर तू खुशाल पाय ठेवून बसली असती. दिल्लीच्या रस्त्यावर मी रातचा कोणाले आठवत होतो? ढाब्यावर कोणासाठी झोपेत बोलत होतो, थे क्लीनरले इचार. तुले करमत नव्हतं हे तू मातीले सांगतलं, भावाले सांगतलं, मिस्त्रीले बी अंदाज आला असन. मलेच नाही सांगतलं. त्याच्यावरून मी आता कोणाशी भांडू? त्या आठी पुसलेल्या फोटोशी?

वैशाली आतून आयकत होती. बाहेर आली, डोळे पुसत म्हणे, "बाबा, आता त कळलं ना आईच्या मनात काय होतं. आता त राहू द्या."

तिनं फोन लावून ठेकेदाराले सांगून बी टाकलं, वरून टाइल, उद्यापासून काम.

सगळ्यायले वाटलं, बुढा विरघळला. मी तिचा फोन हिसकला नाही म्हणून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निलेश माणसं घेऊन आला, केमिकलच्या थैल्या घेऊन. मी सैपाकघराच्या दारात उभा होतो. त्याले म्हटलं, थैल्या गाडीत ठेव. सब्बल काढ. तो वैशालीकडं पाहाले लागला. मी म्हटलं, तिकडं नोको पाहू, घर माहं हाय, अन् तू गेटपाशी एक अन् चुलीपाशी एक बोलणारा माणूस हाय, तुह्यावर माहा भरोसा नाही, म्हणून पहिली फरशी मी काढतो.

वैशाली आडवी आली. म्हणे, "बाबा, तिची इच्छा—"

मी म्हटलं, "तुह्या मायले या मातीनं पाडलं. या घरात मी दुसऱ्या कोणाले पडू देणार नाही. तुह्या लेकरायले बी नाही. इच्छा असन नाही त आणखी काही."

अन् ज्या टोकानं तुले पाडलं तिथं सब्बल घातली. फरशी पटकन निघाली, कशालेच चिकटली नव्हती. खाली माती. वरून फाटलेली, भेगा पडलेल्या, पण हात घातला त आत थंड. एवढ्या उन्हाळ्यात बी. मी मूठभर हातात घेतली अन् निलेश म्हणे, काकाजी, हे कुठं टाकू, नाल्यात? मी म्हटलं, नाल्यात टाकली त तुले बी तिथंच टाकीन. आंगणात टाक. वसंतानं जिथं टाकाले आणली होती तिथं. तिथं फुगू दे तिले किती फुगाचं थे. तिथं कोणी ठेच लागून पडत नाही.

पहिलं घमेलं मीच नेलं. दुसरं बी मीच नेलं. मंग दम लागला, अन् त्या मातीच्या ढिगापाशी खाली बसलो, अन् तुले मोठ्यानं शिव्या देल्या, जशा तू असताना देत होतो तशा. शेजारची बाई दारात आली. ठेकेदाराची माणसं थांबली. वैशाली म्हणे, बाबा, लोक आयकून राह्यले.

मी म्हटलं, आयकू दे. मी माह्या बायकोशी बोलून राह्यलो.